वजन घटविताना : किती खावे आणि काय खावे?

सालाबादप्रमाणे यंदाच्या अहवालातही कार्यवृत्त आणि जमाखर्च यांच्या जोडीने आरोग्यप्रबोधनपर एक लेख आम्ही सादर करीत आहोत. विषय साधा वाटेल, परंतु रुग्णालयातून घरी परतणाऱ्या अनेक कुटुंबांची दैनंदिन ओढाताण त्यात दडलेली आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी, यकृतातील चरबी अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णास ‘वजन कमी करा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊन रुग्ण घरी जातो आणि तेथे त्यास दोन परस्परविरोधी मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘काहीही खा, पण मोजून खा, उष्मांक कमी झाले की वजन उतरलेच पाहिजे.’ दुसरा म्हणतो, ‘मोजमाप सोडा, चांगले, कसदार अन्न खा, वजन आपोआप जागेवर येईल.’ प्रत्यक्ष चूल सांभाळणाऱ्या व्यक्तीने यांपैकी कोणाचे ऐकावे?

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. वजन किती उतरेल हे अन्नाच्या प्रमाणावर ठरते. मात्र ते कमी प्रमाण माणसास महिनोन्महिने निभावता येईल की नाही, आणि उतरलेले वजन चरबीचे असेल की स्नायूंचे, हे अन्नाच्या कसावर ठरते. म्हणून या दोहोंत निवड करण्याचा प्रसंगच येऊ नये. हे असे का, आणि आपल्या मालवणी ताटात ते कसे उतरवावे, याचा विचार पुढे केला आहे.

प्रश्न आपल्या दाराशी

स्थूलता हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के होते, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, प्रमाण गोव्यात आढळले. गोवा आपल्या जिल्ह्याला लागून आहे. तेथील आणि येथील समुद्र एक, मासळी एक, भात-आमटीची चवही बरीचशी एक. तो आकडा जसाच्या तसा सिंधुदुर्गास लावता येणार नाही, हे खरे. परंतु त्याकडे परक्या मुलखातील बातमी म्हणून पाहणेही शहाणपणाचे नाही.

आपल्याकडील एका बदलाची नोंद येथे करणे आवश्यक आहे. मागच्या पिढीतील माणूस ताटभर भात जेवत असे, आणि रापण ओढणे, होडी वल्हवणे, डोंगरउतारावर नांगर धरणे, डोक्यावरून पाणी आणणे अशा कष्टांत तो भात खर्ची पडत असे. आज यांत्रिक नौका आल्या, दारात नळ आला, दुचाकी आली. कष्ट उणावले ही आनंदाची गोष्ट आहे. पण ताट तेवढेच राहिले, आणि त्यात दिवसभराचा गोड चहा, बेकरीची खारी-बटर, फरसाण आणि वेष्टनातील खाऊ यांची भर पडली. खर्च घटला आणि जमा वाढली, तर शिल्लक साठणारच. शरीरात ही शिल्लक चरबीच्या रूपाने साठते.

उष्मांकाचा हिशेब

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक, अर्थात कॅलरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या अन्नपदार्थांतून शरीरास किती ऊर्जा मिळते याची मोजणी केली. त्याने घालून दिलेले ठोकताळे आजही वापरात आहेत: एक ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९ उष्मांक. मद्याच्या एका ग्रॅमातून सुमारे ७ उष्मांक मिळतात, हेही ध्यानात ठेवावे.

केवळ प्रमाण घटविल्याने वजन उतरते काय, याचे एक विलक्षण उदाहरण २०१० साली पुढे आले. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठातील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स आणि तत्सम दुकानी खाऊ खाल्ला. मात्र दिवसाचे एकूण उष्मांक १,८०० पेक्षा कमी ठेवले. त्यांचे वजन सुमारे १२ किलोने उतरले. जोडीला ते जीवनसत्त्वांची गोळी, प्रथिनयुक्त पेय आणि थोडी भाजी घेत होते, आणि हा आहार इतरांनी अनुसरावा असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. त्यांना एवढेच दाखवायचे होते की, वजनाच्या काट्याला अन्नाचे नाव कळत नाही.

याहून गंभीर आणि उपयुक्त पुरावा २०१७ साली ब्रिटनमधून आला. तेथे टाईप २ मधुमेहाच्या ३०६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना तीन ते पाच महिने केवळ द्रवरूप आहारावर, दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि नंतर हळूहळू नेहमीचे अन्न सुरू केले. वर्षअखेर या गटातील ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. वजन उतरले की आजार मागे हटू शकतो, ही आशा या अभ्यासाने पक्की केली. तथापि हा प्रयोग वैद्यकीय देखरेखीत, औषधे थांबवून केलेला होता. घरच्या घरी त्याचे अनुकरण करणे धोक्याचे आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तात्पर्य, उष्मांकाचा हिशेब खोटा नाही. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांक. रोज ५०० उष्मांक कमी घेतले, तर आठवड्याला ३,५०० होतात, म्हणजे अर्ध्या किलोस थोडे कमी. प्रत्यक्षात पुढेपुढे हा वेग मंदावतो. कारण हलक्या झालेल्या शरीरास चालविण्यास ऊर्जाही कमी लागते. दोन-तीन महिन्यांनी काटा अडला, तर उपाय फसला असे समजून निराश होऊ नये.

मग अन्नाच्या कसाचे काय?

हिशेब इतका सरळ असेल, तर माणसे हरतात कोठे? ती भुकेपुढे हरतात. आणि भूक किती लागावी, पोट केव्हा भरल्यासारखे वाटावे, हे अन्नाच्या कसावर अवलंबून आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न देण्यात आले. दोन्ही आहारांत समोर मांडलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि तंतुमय पदार्थ सारखे ठेवले होते. हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेले अन्न असताना तीच माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती. त्या दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले आणि साध्या अन्नाच्या दोन आठवड्यांत तितकेच उतरले. कोणालाही कमी खा किंवा जास्त खा असे सांगितलेले नव्हते.

दुसरा अभ्यास २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून आला. ६०९ प्रौढांपैकी काहींना कमी स्निग्धांशाचा, तर काहींना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर देण्यात आला. उष्मांक मोजण्यास कोणालाच सांगितले नव्हते. मात्र भाज्या भरपूर घ्या, साखर आणि मैदा टाळा, अन्न शक्यतो घरी शिजवा, हा उपदेश दोन्ही गटांना समान होता. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि दुसऱ्याचे ६ किलोने उतरले. या दोहोंतील फरक अभ्यासकांनी महत्त्वाचा मानला नाही. तेल सोडावे की भात सोडावा, या वादात घरोघरी जी शक्ती खर्च होते, ती वाचविण्यास हा एक अभ्यास पुरेसा आहे.

कसदार अन्नाने भूक आवरते याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. पालेभाजी, फळभाजी, पातळ पेज यांत पाणी आणि तंतू अधिक असल्याने थोड्या उष्मांकांत पोट भरते. मुठीत मावणाऱ्या बिस्किटांत मात्र पुष्कळ उष्मांक सामावलेले असतात. चावून खावे लागणारे अन्न सावकाश खाल्ले जाते, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. प्रथिने भूक अधिक काळ शमवितात; शिवाय ती पचविण्यातच त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्ची पडतो. वजन उतरत असताना स्नायू राखण्याचे कामही प्रथिने करतात. आजारी किंवा वयस्कर माणसाचे स्नायू गळाले, तर काट्यावरचा आकडा सुखावतो. पण तोच माणूस जिना चढताना थकतो आणि घसरून पडतो.

पुण्याजवळच्या सहा गावांनी दिलेला धडा

स्नायू आणि चरबी यांचा हा भेद आपल्या महाराष्ट्रातील संशोधनाने जगाच्या लक्षात आणून दिला, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडन येथील प्रा. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय शरीरयष्टी काट्यावर पकडता येत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी २३ पासून पुढे जादा वजन आणि २५ पासून पुढे स्थूलता मानली जाते. उंची १६० सेंटिमीटर असेल, तर या मर्यादा अनुक्रमे सुमारे ५९ आणि ६४ किलोंवर येतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. घरातील शिवणकामाची टेप त्यासाठी पुरते, आणि आमच्या मते ती वजनकाट्याहून अधिक खरे बोलते.

याच संशोधकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्यातील २००१ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आपल्या विषयास थेट भिडतो. गरोदर स्त्रीने एकूण किती उष्मांक वा किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे मात्र आकारमानाने मोठी होती. हा अभ्यास वजन घटविण्याचा नव्हे, याची आम्हास जाणीव आहे. तरी त्याचा बोध मोलाचा आहे. पोट भरणे आणि शरीर पोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आहार कमी करायचा असेल, तेव्हा तर उरलेल्या प्रत्येक घासाने दुप्पट काम केले पाहिजे.

मालवणी ताटाकडे पाहताना

आहाराचा तक्ता हाती पडला की रुग्णाचे नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे भात-मासे बंद का?’ आमचे उत्तर स्पष्ट आहे: मासे बंद नाहीत, भातही बंद नाही, मात्र दोहोंचे माप बदलले पाहिजे.

मासळी हे आपल्या किनाऱ्याचे मोठे वैभव आहे. १०० ग्रॅम बांगड्यातून सुमारे २० ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात, हे पाहता एका बांगड्याचे मोल कळावे. बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीत हृदयास हितकर असा ओमेगा-३ स्निग्धांशही असतो. त्यासाठी पापलेट वा सुरमईच हवी असे नाही. मासळीला जड करतो तो तवा. एक चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ उष्मांक. तळलेली तुकडी आठवड्यातून एखादे वेळी घ्यावी आणि इतर दिवशी आमटी किंवा तिरफळे घातलेले तिखले करावे.

खोबऱ्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. ते विष नव्हे आणि औषधही नव्हे. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० ते ४०० उष्मांक असतात, म्हणून चौघांच्या आमटीला अख्ख्या नारळाऐवजी पाव नारळ वाटावा. चव राहते, भार उतरतो. सोलकढीही पातळ दुधाची करावी. कोकमाचे आगळ पाण्यात घालून घेतले तर उष्मांक नगण्य. तेच कोकम साखरेच्या पाकात गेले की सरबताचा प्रत्येक पेला साखरेच्या हिशेबात धरावा लागतो.

उकड्या तांदळाची पेज ही आपल्या पूर्वजांची सुज्ञ योजना होती. तांदूळ उकडताना कोंड्यातील काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, आणि मूठभर तांदळाची पेज पुष्कळ पाण्यामुळे पोट भरते. ३० ग्रॅम तांदळाची पेज म्हणजे सुमारे १०० उष्मांक. १०० ग्रॅम बिस्किटांत ४५० च्या आसपास. सकाळी दहाच्या सुमारास बिस्किटांच्या पुड्याऐवजी पेज आणि तिच्यासोबत भाजी वा उसळ घेणे केव्हाही श्रेयस्कर. मधुमेही व्यक्तीने मात्र पेजेचे माप ठरवून घ्यावे आणि ती नुसती पिऊ नये.

कुळीथ, काळे वाटाणे, चवळी यांना ताटात अधिक जागा द्यावी. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. कुळथाची पिठी गरिबाचे कालवण म्हणून ओळखली जाते, पण तिचा कस श्रीमंताने हेवा करावा असा आहे. नाचणीच्या भाकरीतून तंतू आणि चुना (कॅल्शियम) दोन्ही मिळतात. काजूगर सकस खरे, परंतु १०० ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक उष्मांक असल्याने दहा गर मोजून घ्यावेत आणि डबा मिटावा.

एका दिवसाचा हिशेब

हे सर्व प्रत्यक्षात कसे जमते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक गृहस्थ दुपारी ३०० ग्रॅम शिजलेला भात जेवतात, दिवसात दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतात आणि सायंकाळी ५० ग्रॅम फरसाण खातात. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला सुमारे १३० उष्मांक. भात निम्म्यावर आणला तर १९५ वाचले. चहा दोन कप आणि साखर एकेक चमचा केली, तर सहा चमचे साखर, म्हणजे १२० उष्मांक वाचले. फरसाण सोडले तर सुमारे २७५ वाचले. एकूण बचत ५९० होते. आता या बचतीतील १०० उष्मांक पुन्हा खर्च करावेत: वाटीभर कुळथाची उसळ किंवा भरपूर पालेभाजी ताटात वाढावी. निव्वळ बचत जवळपास ५०० राहते. मासे तेच, आमटी तीच, कुटुंबासोबतची पंगतही तीच. माणूस अर्धपोटी उठत नाही, म्हणून उद्याही हेच करू शकतो.

चालण्याचा व्यायाम आवश्यक आहे. त्याने रक्तशर्करा आटोक्यात राहते, स्नायू टिकतात, मनही प्रसन्न राहते. परंतु अर्धा तास चालण्याने साधारण १०० ते १५० उष्मांक खर्च होतात. फरसाणाची एक वाटी चालून फेडू, हा हिशेब जमत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही हाच सूर आहे. दिवसाच्या उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये आणि डाळी, भाज्या, फळे, दूध वा मासळी यांचा वाढावा. आठवड्याला अर्धा किलो या गतीने वजन उतरणे सुरक्षित मानले आहे, आणि वजन घटविण्याचा आहारही दिवसाला १,००० उष्मांकांखाली नसावा असे सांगितले आहे.

ऋतू आणि सण

१ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. ताजी मासळी दुर्मीळ होते आणि सुक्या मासळीवर भर येतो. सुक्या बांगड्यात वा सोड्यात प्रथिने भरपूर असतात, परंतु खारवलेल्या मासळीत मीठही तितकेच असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती पाण्यात भिजवून, पाणी टाकून, बेताने घ्यावी. याच दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला दारात उगवतो. या रानभाज्यांसाठी पैसाही मोजावा लागत नाही.

जत्रेतले खाजे, गणपतीचे मोदक, पाहुण्यांसाठीचे वडे-सागोती हे आपल्या जगण्याचे आनंद आहेत. चाकरमानी मंडळी घरी येतात त्या दिवसांत घरच्या रुग्णास वेगळे ताट वाढून एकटे बसवू नये. दोन वडे, एक मोदक सर्वांसोबत खाऊ द्यावा. वजन सणाच्या चार दिवसांनी वाढत नाही. उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या सवयींनी वाढते.

सावधानतेचे काही शब्द

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू असताना जेवण एकाएकी निम्म्यावर आणले किंवा कडक उपास धरला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर असेल तर, साखरपाणी द्यावे आणि त्वरित डॉक्टरांशी संपर्क साधावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. आहार बदलण्यापूर्वी औषधांची मात्रा बदलावी लागेल काय, हे विचारून घेणे हाच उत्तम मार्ग. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. गरोदर व स्तनदा माता, वाढती मुले आणि क्षयरोगाचे रुग्ण यांनी वजन घटविण्याच्या मागे लागू नये. आणि कोणताही प्रयत्न न करता वजन उतरू लागले, तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी. क्षय, थायरॉईडचे विकार, अनियंत्रित मधुमेह वा कर्करोग यांची ती खूण असू शकते.

महिन्यात दहा किलो उतरविण्याची हमी देणाऱ्या पावडरी आणि काढे यांवर कष्टाचे पैसे घालवू नयेत. वजन घटविण्यासाठीची नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्या देशात मिळू लागली आहेत. ती भूक मंदावून काम करतात. तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडक रुग्णांस ती उपयोगी पडतात. पण त्यांनीही अन्नाचे प्रमाणच कमी होते. जे थोडके पोटात जाईल, ते कसदार हवे, ही जबाबदारी स्वयंपाकघराकडेच राहते.

कुटुंबास विनंती

एकट्या रुग्णाने पथ्य पाळावे आणि घरातील इतरांनी पूर्वीसारखेच खावे, अशा घरात पथ्य टिकत नाही. वर सांगितलेले ताट आजाऱ्यासाठी वेगळे शिजवावे लागत नाही. ते शाळेत जाणाऱ्या मुलालाही मानवते आणि वृद्धांनाही. त्यासाठी महाग वस्तू आणाव्या लागत नाहीत. उलट, बिस्किटे आणि फरसाण यांचा खर्च वाचून त्यात बांगडे आणि कुळीथ येतात.

रुग्णालयाच्या देणगीदारांनी आणि हितचिंतकांनीही या गोष्टीकडे लक्ष द्यावे, अशी आमची नम्र इच्छा आहे. त्यांच्या दातृत्वातून खाटा, यंत्रे आणि औषधे उपलब्ध होतात, आणि त्याचे ऋण शब्दांत मावणारे नाही. परंतु मधुमेहाने पाय गमावण्याची वा डायलिसिसची वेळ एखाद्या कुटुंबावर येऊच नये, याची सोय कोणत्याही यंत्राने होत नाही. ती वर्षानुवर्षे घरच्या ताटात होत असते. म्हणून आपल्या वाडीतील बचतगटात, शाळेच्या पालकसभेत, देवळाच्या ओसरीवर हा विषय आवर्जून काढावा. हा लेख वाचून झाल्यावर घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावा, आणि आज रात्रीचा भात वाढताना वाटीने मोजून वाढावा. पहिल्या दिवशी एवढे केले तरी पुरे आहे.